डिस्क नव्हतीच, आणि 'फ्नूकाड'

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जिथे जावं तिथे हाच विषय. यंदा दिवाळीच्या फराळालाही चकल्यांपेक्षा लॅपटॉपवर जास्त चर्चा झाली. घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, मग त्याचं करायचं काय? एकजण म्हणाला, सरळ टिपला नेऊन टाका. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, सगळं पुसायचं आणि चॅरिटीला द्यायचं, त्यात काय एवढं." मी तेव्हा काही बोलले नाही. पण नंतर हाफ टर्ममध्ये आमच्याकडे जे झालं, त्यावरून वाटलं की लिहावंच.

आम्ही दोघंही आयटीतले नाही, हे आधीच सांगते. रेडिंगमध्ये मराठी नाव ऐकलं की समोरचा धरूनच चालतो, पण मी फार्मसीत काम करते आणि नवरा रस्ते-पूल बांधतो. आमच्या घरचं आयटी खातं म्हणजे चौदा वर्षांचे चिरंजीव.

या उन्हाळ्यात कराडला गेले होते तेव्हा माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. बाबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह. निगेटिव्ह स्कॅन करायचं एक छोटं यंत्र आमच्याकडे आहे, २०१२ मध्ये हौसेने घेतलेलं. पण बनवणाऱ्यांनी त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ नंतर काढलंच नाही. नव्या लॅपटॉपला जोडलं की तो ओळखसुद्धा दाखवत नाही. म्हणून लॉफ्टमधून जुना लॅपटॉप खाली आला. तोही २०१२ चाच, जानेवारीच्या सेलमधला.

चालू केला. पंखा घरघरला, पडदा उजळला आणि आलं 'स्टार्टअप रिपेअर'. पंधरा मिनिटं काहीतरी खुडबुड करून म्हणाला जमत नाही, पुन्हा चालू झाला आणि पुन्हा तेच. तीन वेळा झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, डिस्क कुठाय?"

"कसली?"

"विंडोजची. रीइन्स्टॉल करायला."

डिस्क नव्हतीच. हरवली वगैरे नाही, मुळातच नव्हती.

आपल्या पिढीला हे विचित्र वाटतं, कारण आपण सीड्यांच्या जगातून आलोय. पुण्यात कॉलेजला असताना आमच्या रूमवर एक असेंबल्ड पीसी होता, तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला. दर चार-सहा महिन्यांनी तो आजारी पडायचा आणि मग एक मुलगा यायचा 'फॉर्मॅट मारायला'. त्याच्याकडे चेन असलेलं जाड पाकीट, त्यात पन्नासेक सीड्या, प्रत्येकीवर मार्करने लिहिलेलं, एक्सपी, ऑफिस, अँटिव्हायरस. पंचवीस अक्षरांची की पाकिटाच्या आतल्या बाजूला पेनाने. शंभर-दीडशे रुपये आणि एक चहा. अस्सल डिस्क कशी दिसते ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. (आपल्या भाषेत फॉर्मॅट 'मारतात'. अगदी बरोबर शब्द आहे.)

नंतर ब्रँडेड लॅपटॉप आले आणि कंपन्यांनी डिस्क देणं बंद केलं. त्याऐवजी हार्ड डिस्कचाच एक कोपरा राखून ठेवतात. नेहमीच्या ड्राइव्हच्या यादीत तो दिसत नाही, पण त्यात अख्खं विंडोज बांधून ठेवलेलं असतं, दुकानातून आणलं त्या दिवशी होतं तसं. मशीन चालू होताना ठरावीक बटण दाबायचं, कुणाचं एफ-९, कुणाचं एफ-११, कुणाचं आल्ट आणि एफ-१०, की ते गाठोडं सोडून पुन्हा मांडतं. नवा लॅपटॉप पहिले काही दिवस सारखा मागे लागायचा बघा, 'रिकव्हरी डिस्क बनवून ठेवा, चार-पाच डीव्हीडी लागतील' म्हणून? आपण सगळ्यांनी 'नंतर' वर क्लिक केलं. मीही केलं. ती आपली डिस्क होती.

कीचा प्रश्न मात्र येत नाही. आमच्या लॅपटॉपच्या पोटावरचा स्टिकर घासून पांढरा झालाय, एक अक्षर वाचता येत नाही. पण कारखान्यात बसवलेलं विंडोज ७ मशीनच्या बायॉसमधली खूण बघून स्वतःला ओळखतं, त्याला स्टिकर लागत नाही. विंडोज ८ पासून तर कीच मशीनच्या आत कोरलेली असते. त्यामुळे ज्यांचा विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप बसलाय त्यांनी घाबरू नका, आणि कुठल्यातरी साइटवरून दहा पौंडाची की तर मुळीच घेऊ नका. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या पानावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा, तीच तुमची डिस्क. विंडोज ७ चं तसं नाही. ते तिथून केव्हाच काढून टाकलंय. आमच्यापुढे तो लपवलेला कोपरा एवढाच मार्ग होता.

चिरंजीवांनी हे सगळं पाच मिनिटांत शोधलं. बटण दाबलं, निळा पडदा आला, त्यावर लिहिलेलं की ड्राइव्हवरची सगळी माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का?

"आई, करू?"

मी पोळ्या करत होते. तवा तापलेला. म्हटलं, "थांब, त्यात तुझे लहानपणचे फोटो असतील, आधी ते काढ." एवढंच. फार दूरदृष्टीने म्हटलं असं नाही.

आता जो विंडोज चालूच होत नाही त्यातून फोटो कसे काढायचे? इथे मला एक नवीन गोष्ट कळली. लिनक्स मिंट नावाची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती त्याने पेन ड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरूनच चालू केला. आत काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही. पाच मिनिटांत पडदा आला आणि त्यात आमची जुनी हार्ड डिस्क दिसत होती, सगळ्या फोल्डरांसकट. विंडोज बिघडलं म्हणजे फायली बिघडल्या असं नसतं. पुढच्या दाराचं कुलूप अडकलंय, सामान जागच्या जागी आहे, मागच्या दाराने आत जायचं. (डिस्क खटखट वाजत असेल तर मात्र हे प्रयोग करू नका, लगेच बंद करून जाणकाराकडे न्या. आणि नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर त्याची ४८ आकडी की लागते. ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आजच बघून ठेवा.)

फोटो कॉपी होत होते. दोन तास लागणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आई, 'बाबा' नावाचं फोल्डर आहे. डॅडचं आहे का?" तो त्याच्या बाबाला डॅड म्हणतो. आमच्या घरात 'बाबा' म्हणजे माझे वडील.

आत चव्वेचाळीस वर्ड फायली होत्या. त्याने एक उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, नुसती खिचडी. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, मध्येच कॅपिटल बी, एका शब्दाचा अर्थ लागेल तर शपथ. दुसरी उघडली, तेच. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एकच शब्द होता, एफ-एन-यू-के-ए-डी.

"फ्नूकाड म्हणजे काय?"

मला काय माहीत.

"करप्ट झाल्यात. व्हायरस असेल. सोडून देऊ? फोटो झाले की मी फॅक्टरी रीसेट मारतो."

तोंडात 'हो' आलंच होतं माझ्या. खोटं कशाला सांगू. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट. बाबा जुने अर्ज-बिर्ज टाइप करत असतील असंही वाटलं, त्यांना ती सवयच होती. मी हात पुसत पुसत वाकून पाहिलं आणि वर फॉन्टच्या चौकटीत तिरक्या अक्षरात एक नाव दिसलं. कृती देव ०१०.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत होतं त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगते.

बाबा पंचायत समितीत होते. टायपिंगच्या परीक्षा, मराठी तीस आणि चाळीस, दोन्ही पास. ऑफिसातलं ते लोखंडी धूड ते न बघता बडवायचे. पुढे कॉम्प्युटर आले, सगळ्यांना एमएस-सीआयटी करावं लागलं, पन्नाशीतले सगळे वर्गात जाऊन बसले. बाबांना त्यात एकच गोष्ट मनापासून आवडली, की कृती देवचा कीबोर्ड बराचसा त्यांच्या टाइपरायटरसारखाच होता. बोटांना पुन्हा शिकावं लागलं नाही.

तर कृती देव, श्रीलिपी किंवा सरकारी ऑफिसातले सीडॅकचे जुने फॉन्ट, हे युनिकोड सगळीकडे पोचायच्या आधीचे. त्यांच्या फाईलमध्ये मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी 'ई' असते, फक्त तिला 'म' चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट असेल तर मुखवटा दिसतो, फॉन्ट नसेल तर खाली ती खिचडी. म्हणजे फायली जपून दुसरीकडे ठेवल्या आणि विंडोज पुसलं, तर फायली राहतात आणि वाचायची सोय जाते, कारण फॉन्ट राहतो विंडोजच्या पोटात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये.

मी चिरंजीवांना म्हटलं, जा, त्या मेलेल्या विंडोजच्या आत जा आणि हे नाव शोध.

सापडला. त्या फॉन्टवर दोनदा क्लिक केलं, बसवला, फाईल बंद करून पुन्हा उघडली. फ्नूकाडच्या जागी लिहिलं होतं, 'दिनांक'.

मी खाली बसले. आता २०१३ बद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

बाबा एप्रिल २०१३ मध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी कराडलाच राहिली. चिरंजीव तेव्हा सव्वादोन वर्षांचे आणि बोलत नव्हते. म्हणजे आम्हाला वाटत होतं की बोलत नाहीत. नर्सरीतल्या बाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, जेमतेम तीन शब्द बोलतो, घरी दोन भाषा चालतात त्यामुळे गोंधळत असेल, काही दिवस फक्त इंग्लिश बोलून बघा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आज कुठल्याही स्पीच थेरपिस्टला विचारा, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही आणि अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे, असंच सांगतील. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पहिलं मूल, दोन नोकऱ्या, घाबरले होते.

रात्री जेवताना बाबांना म्हटलं, "बाबा, थोडे दिवस त्याच्याशी इंग्लिशमध्येच बोला ना. नाहीतर मागे पडेल तो."

बाबा म्हणाले, "बरं."

दिवसभर त्याच्याजवळ तेच असायचे, नर्सरी फक्त तीन सकाळी. बाबांचं इंग्लिश ऑफिसचं, 'विथ रेफरन्स टू' वालं. दोन वर्षांच्या मुलाशी बोलायचं इंग्लिश त्यांच्याकडे नव्हतंच. 'कम', 'सिट', 'ईट' झालं की संपलं. हळूहळू ते गप्प झाले. मला वाटलं हवा मानवत नाही, आईची आठवण येत असेल. संध्याकाळी मी आले की विचारायचे, "लॅपटॉप रिकामा आहे का गं?" आणि कोपऱ्यात बसून टाइप करायचे. त्यांनी येताना पेन ड्राइव्हवर फॉन्ट आणला होता, मला तर तेही माहीत नव्हतं.

पहिल्या फाईलवर १४ मे तारीख आहे. मी जेवताना ते बोलले त्याचा दुसरा दिवस. तशीच उतरवते:

"जावक क्र. १/२०१३. प्रति, चि. नातू, मुक्काम रेडिंग. विषय: तळ्यावरील बदकास 'काका' असे संबोधल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज सकाळी ११ वाजता आपण एका बदकास 'काका' अशी दोन वेळा हाक मारली. सदर पक्षी आपला काका नसून बदक आहे, ही बाब आपल्या निदर्शनास तात्काळ आणून देणे आवश्यक होते. तथापि वरिष्ठ कार्यालयाच्या तोंडी आदेशान्वये मराठीत बोलण्यास तूर्त मनाई असल्याने निम्नस्वाक्षरीकार गप्प राहिला. आपणांस योग्य वेळी अवगत व्हावे म्हणून हे पत्र. प्रत: वरिष्ठ कार्यालय (पाठवू नये)."

वरिष्ठ कार्यालय म्हणजे मी.

अशी त्रेचाळीस पत्रं आहेत. एकही इकडचा तिकडचा अर्ज नाही. पावसाबद्दल आहे, 'येथील पाऊस आवाज न करता पडतो, ही बाब संशयास्पद वाटते'. कृष्णा-कोयनेबद्दल आहे, दोन नद्या कराडला समोरासमोर येऊन कशा भेटतात, आणि शेवटी 'सदर ठिकाण आपणांस प्रत्यक्ष दाखविण्यात येईल'. २०१६ साली दाखवलं त्यांनी. मी बाजारात गेले होते, ते दोघंच गेले प्रीतिसंगमावर. काय बोलले, कुठल्या भाषेत बोलले, मला ठाऊक नाही आणि चिरंजीवांना फक्त तिथली भेळ आठवते. एक पत्र दोन ओळींचं आहे. 'वरिष्ठ कार्यालय आज रात्री ८ वाजता परतले. पाय दुखत असावेत. विचारणा केली नाही.'

चव्वेचाळिसावी फाईल पत्र नाही, नोंदवही आहे. ऑफिसात साठा नोंदवही असते तशी, रकाने आखलेली. दिनांक, आवक, तपशील, शिल्लक, शेरा. हा साठा शब्दांचा होता. बाबा आल्यापासून नातवाचा प्रत्येक शब्द त्यांनी नोंदवला होता. 'पा' (पाणी). 'मंमं'. 'भू' (कुत्रा, शेरा: मांजरासही वापरतो). 'नको' (शेरा: स्पष्ट). 'आबा' (शेरा: बहुधा मी). १३ मे रोजी शिल्लक होती एकोणीस. त्यात इंग्लिश तीन. नर्सरीने तेवढेच तीन मोजले होते.

१४ मे नंतर आवकच्या रकान्यात इंग्लिश शब्द आहेत, आणि मराठीची वेगळी शिल्लक लिहायला सुरुवात केलीय. सोळा. जून अखेर चौदा. 'पा' च्या पुढे एका तारखेला लिहिलंय, 'वॉटर म्हणू लागला. सबब कमी केला.' २६ सप्टेंबरला, निघायच्या दोन दिवस आधी, शिल्लक सहा. शेरा: 'पुढील कार्यभार वरिष्ठ कार्यालयाकडे.'

बाबा २०१९ मध्ये गेले. या सगळ्यातलं एक अक्षर त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. लॅपटॉप २०१५ पासून लॉफ्टमध्ये होता.

चिरंजीव शेजारी उभे होते. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. आठव्या वर्षी शनिवारच्या मराठी वर्गाला घातलं होतं, फुटबॉलशी वेळ जुळेना, सोडला. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तुमच्यापैकी निम्म्या घरांत हेच चालतं, मी काही वेगळं सांगत नाही. "काय लिहिलंय? तू का रडतेयस?"

मी वाचून दाखवलं. पहिल्यांदा बदकाचं. मग म्हटलं, थांब, आधी एक सांगायचंय, आणि नर्सरीचं, माझं, 'बरं' चं, सगळं सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलाला असं काही सांगताना वाटतं की आता हा काय म्हणेल. तो बराच वेळ नोंदवहीकडेच बघत होता.

"सो आय हॅड नाइन्टीन वर्ड्स?"

"हो."

"अँड दे सेड थ्री."

"हो."

"हे आबांनी टाइप केलं? टेबलसकट?" मग म्हणाला, "नीट आहे." तो कॉम्प्युटर सायन्सवाला आहे, ही त्याच्याकडून मोठी दाद समजा.

माझ्यावर चिडला का? थोडा. दोन दिवसांनी, भलत्याच गोष्टीवरून. त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही.

पुढचा आठवडा मजेत गेला. आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी केलं, फायली आणि फॉन्ट दोन्ही. प्रत्येक पत्राची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, मग फोनवरही मराठीच दिसतं. मग त्याने ऑनलाइन कन्व्हर्टर शोधून कृती देवचं युनिकोड करायला घेतलं. बरंचसं झालं, काही ठिकाणी जोडाक्षरांचा चुथडा झाला, आणि त्यातून त्याला प्रश्न पडला की पहिली वेलांटी आधी का येते? फ्नूकाडमध्ये एफ म्हणजे पहिली वेलांटी, एन म्हणजे द, यू म्हणजे न, के म्हणजे काना, ए म्हणजे अनुस्वार, डी म्हणजे क. द च्या आधी वेलांटी! मी सांगितलं, टाइपरायटरवर कागद डावीकडून उजवीकडे भरत जातो, वेलांटीचा दांडा डावीकडे असतो, म्हणून ती आधी मारायची आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये उलटं, आधी अक्षर. त्याला हे फार आवडलं. कागदावर तक्ता केला, एका बाजूला इंग्लिश की, दुसऱ्या बाजूला आपलं अक्षर. बाराखडीच्या पुस्तकाने जे झालं नाही ते या तक्त्याने थोडंफार होतंय. उलट्या बाजूने शिकतोय, ई पासून म कडे, पण शिकतोय. 'ळ' अजून सापडत नाही त्याला. 'ज्ञ' वर तर सरळ माझ्याकडे बघतो.

आणि मग शुक्रवारी रात्री ते निळ्या पडद्यावरचं बटण दाबलं. मी शेजारी बसून 'हो' म्हटलं. चाळीसेक मिनिटांत २०१२ परत आलं. तेच हिरवं-निळं वॉलपेपर, तीच महिनाभराची फुकट अँटिव्हायरस, वर्डच्या कोपऱ्यात जाहिरात दाखवणारं ते ऑफिस स्टार्टर. त्याला इंटरनेट लावलेलं नाही आणि लावणारही नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, ते उघड्यावर सोडण्यासारखं राहिलेलं नाही. स्कॅनर जोडला, लगेच ओळखला. निगेटिव्ह अजून डब्यातच आहेत, नाताळच्या सुट्टीत बघू.

पाचव्या मिनिटाला खिडकी आली, 'रिकव्हरी डिस्क बनवून ठेवा'. घरात एकही कोरी डीव्हीडी नव्हती. पुन्हा 'नंतर' वर क्लिक केलं.

तेव्हा मंडळी, चॅरिटीला द्या, टिपला न्या, काय करायचं ते करा. पण घरात कुणी सहा महिने राहून गेलं असेल तर त्यांच्या नावाचं फोल्डर उघडून बघा, आणि आत खिचडी दिसली तर ती करप्ट आहे असं लगेच म्हणू नका. आधी फॉन्टचं नाव वाचा. कुणाला फॉन्ट काढण्यात अडचण आली तर विचारा, चिरंजीव मदत करतील. मोबदला म्हणून चकली चालते त्यांना.

काल संध्याकाळी कामावरून आले तर तो त्या जुन्या लॅपटॉपपुढे बसला होता. कृती देव परत बसवलेला, तक्ता शेजारी. एका बोटाने एफ, एन, यू, के, ए, डी दाबलं आणि पडद्यावर 'दिनांक' उमटलं. त्याखाली 'प्रति, आबा'. आवक क्रमांक टाकायचा की जावक यावर आमचा थोडा वाद झाला. पत्र तो पाठवतोय, म्हणजे जावक, असं ठरलं. संदर्भ: आपले पत्र जा. क्र. १/२०१३. इथपर्यंत त्याला अर्धा तास लागला.

मग मान वर करून म्हणाला, "आई, विषय काय लिहू?"